पुतळीचे माहेर

युरोपच्या सहलींची पत्रके आपल्या घरांत दर वर्षी येतात. त्यांत व्हेनिसच्या वाट्याला बहुधा चार तास आलेले असतात. सकाळी बोटीने सेंट मार्कच्या चौकाजवळ उतरायचे, काचकामाचे प्रात्यक्षिक पाहायचे, गोंडोलात बसून छायाचित्र काढायचे आणि जेवणाच्या वेळेला बसकडे परतायचे. यात्रा कंपन्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. परमुलखात चाळीस माणसांना कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेले गरम जेवण सूर्यास्तापूर्वी मिळवून देणे ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु जे शहर शतकानुशतके केवळ व्यापारावर जगले आणि ज्याच्या रीतीने आपण आजही जमाखर्च लिहितो, ते चार तासांत उरकणे माझ्या मनाला पटेना. म्हणून दोन रात्रींची योजना मी स्वतःच आखायला घेतली. आता तिकिटे हाती आली आहेत. ही योजना आखताना जे वाचनात आले आणि जे हिशेब मांडले, ते येथे लिहीत आहे.

कन्या आणि जावई नोकरीनिमित्त मिलानला असतात. तेथून व्हेनिस आगगाडीने सुमारे अडीच तासांवर आहे. त्यांच्याकडे तीन आठवडे राहायचे आणि मधले दोन दिवस व्हेनिससाठी काढायचे, असे ठरले. महिना मार्चचा निवडला. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला मार्चमध्ये सहलीला जाण्याचे सुख काय असते, हे दुकानदार वाचकांना वेगळे सांगायला नको. नोकरीत असताना मार्चमध्ये रजा मागणे म्हणजे शाखाधिकाऱ्याची थट्टा केल्यासारखे होते. मार्चच्या बाजूने इतरही कारणे होती. कडक उन्हाळा नसतो. भरतीचे पाणी रस्त्यांवर चढण्याचा मुख्य मोसम ऑक्टोबर ते जानेवारी, तो सरलेला असतो. कार्निव्हलची गर्दी ओसरलेली असते. शिवाय महावीर जयंतीच्या आत घरी परतता येते.

खरी अडचण वेगळीच होती. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया सुचवली असून मे महिन्यातील तारीखही घेतली आहे. आणि व्हेनिस म्हणजे पुलांचे शहर. शंभराहून अधिक लहान बेटे, त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल, आणि त्यांतील बहुतेक पूल पायऱ्यांचे. कारण खालून होड्या जायच्या असतात. मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. हे सारे सौ.ला कन्येकडून कळले होते. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही जावईबापूंबरोबर जाऊन या. मी मिलानला घरीच बसते. माझ्यामुळे तुमचे पाऊल अडायला नको."

हे मला मान्य होण्यासारखे नव्हते. कारण व्हेनिसला जायचे ते मुळी तिच्या गळ्यातल्या माळेमुळे.

आमच्याकडे एक पुतळ्यांची माळ आहे. आईकडून सौ.कडे आली. आईला आम्ही बाई म्हणत असू. बाईंना ती त्यांच्या सासूबाईंनी दिली होती. मूळ माळेत एकतीस पुतळ्या होत्या. श्रीरामपूरला आमचे भुसार मालाचे दुकान होते. १९७२ च्या दुष्काळात उधारी बुडाली, तेव्हा सहा पुतळ्या गेल्या. १९८१ साली मी एम.कॉम.साठी पुण्याला निघालो, तेव्हा आणखी चार. बाईंनी हे आयुष्यात कधी बोलून दाखवले नाही. वडिलांच्या वहीत मात्र नोंद आहे, "पुतळ्या नग ४", आणि समोर रक्कम. आज माळेत एकवीस आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी या एकवीस पुतळ्यांची वाटणी लेकी, सुना आणि नातींमध्ये करून टाकावी, असे सौ.ने मनाशी ठरवले आहे. एकदा माळ सुटली की ती पुन्हा ओवली जायची नाही, हे आम्हा दोघांनाही कळते.

पुतळी हा शब्द आपल्या अंगवळणी इतका पडलेला आहे की तिचे मूळ कोणी विचारत नाही. पुतळी म्हणजे व्हेनिसचे सोन्याचे नाणे. तिकडे त्याला डुकाट म्हणत, पुढे झेकिनो म्हणू लागले. १२८४ साली व्हेनिसने हे नाणे पाडायचे ठरवले आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत त्याचे वजन आणि कस जवळजवळ बदलला नाही. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, आणि सोने त्या काळच्या तंत्राने जितके शुद्ध करता येत असे तितके. एका बाजूला संत मार्क उभा आहे आणि व्हेनिसचा राज्यप्रमुख, ज्याला तिकडे दोज म्हणत, गुडघे टेकून त्याच्या हातून ध्वज घेत आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबवर्तुळात येशूची उभी आकृती. आपल्या लोकांनी नाण्यावर माणसांच्या आकृत्या पाहिल्या आणि सरळ नाव ठेवले पुतळी.

ते येथवर आले कसे, याचे उत्तर व्यापाऱ्याला एका वाक्यात पटेल: युरोपला आपली मिरी आणि कापड हवे होते, पण आपल्याला हवा असा माल त्यांच्याकडे फारसा नव्हता. तेव्हा फरक सोन्यात चुकता करावा लागे. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला जाई, तेथे व्हेनिसचे व्यापारी ती विकत घेत आणि सोने उलट वाटेने हातोहात पश्चिम किनाऱ्यावर उतरे. ज्या नाण्याचा कस पाचशे वर्षे उतरत नाही, त्याला अनोळखी बाजारातही कोणी कसोटी लावत बसत नाही. पुढे आपल्याकडचे सोनारही त्याच्या ठशावर पुतळ्या पाडू लागले. होता होता संत मार्कची जागा राम-सीतेने किंवा राधा-कृष्णाने घेतली, आणि लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या उरल्या. आमच्या माळेतल्या किती पुतळ्या तिकडच्या आणि किती इकडच्या, हे आमच्या सराफाने भिंग लावून पाहिले. चार-पाच नाण्यांवर अक्षरे वाचता येतात, इतकेच तो म्हणाला. छातीठोकपणे काही सांगायला तो धजावला नाही. सराफाने गप्प राहणे मला त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटले.

मग मी सौ.ला म्हणालो, "वाटणी करायच्या आधी निदान त्यांचे माहेर तरी पाहून येऊ." ती हसली, पण गुडघ्याकडे पाहून. तेव्हापासून माझ्या योजनेचे सूत्र ठरले. पैशांचा हिशेब नंतर, आधी पायऱ्यांचा. जेथे पायऱ्या वाचवता येतील तेथे कसोशीने वाचवायच्या, आणि शिल्लक टाकलेल्या सगळ्या एका ठिकाणी खर्च करायच्या. ते ठिकाण कोणते, ते पुढे येईल.

पहिला प्रश्न मुक्कामाचा. जावईबापूंचा सल्ला मेस्त्रेला राहण्याचा होता. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे उपनगर. व्हेनिसच्या मूळ शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते, आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. घरभाडे परवडेना आणि रोजच्या वापराची दुकाने जाऊन शोभेच्या वस्तूंची दुकाने आली, तशी माणसे मेस्त्रेत आणि आसपास गेली. तेथे लॉज स्वस्त आहेत आणि आगगाडी दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला पोचवते. आकडेमोड केली तर मेस्त्रे निःसंशय स्वस्त पडते. तरीही मी ते नाकारले. मेस्त्रेत राहणारा प्रवासी दिवसभर गर्दीत असतो आणि गर्दी पांगते तेव्हा तो गाडीत बसलेला असतो. शिवाय थकलेल्या माणसाला दुपारी तासभर आडवे व्हायचे असेल, तर खोली हाकेच्या अंतरावर हवी. स्वस्त खोलीने जर दुपारची विश्रांती आणि सकाळची शांतता हिरावून घेतली, तर ती स्वस्त कशी म्हणायची? आमच्या धंद्यातल्या मंडळींना भाव आणि किंमत यांतला फरक कळतो. फक्त सहलीला निघाल्यावर तो विसरला जातो.

व्हेनिसमध्येही कोठे राहायचे, याला महत्त्व आहे. आगगाडी एका लांब पुलावरून खाजण ओलांडून सांता लुचिया स्थानकात येते. हा रेल्वेपूल १८४६ सालचा. मोटारींचा पूल त्याच्या शेजारी १९३३ मध्ये झाला. रेल्वेपूल होण्याआधी शहरात यायला होडीशिवाय मार्ग नव्हता. स्थानकातून बाहेर पडून डावीकडे वळले की लिस्ता दी स्पान्या नावाचा रस्ता लागतो. या रस्त्यावर पोचायला एकही पूल चढावा लागत नाही. प्रवासवर्णनांत या रस्त्याला कोणी सुंदर म्हणत नाही, कारण तो लॉज आणि खाणावळींनी भरलेला आहे. माझ्या हिशेबात तो व्हेनिसमधला सर्वांत सुंदर रस्ता ठरला. तेथल्या एका लहान लॉजला मी पत्र पाठवून तीन प्रश्न विचारले: उद्वाहन आहे का, ते प्रवेशद्वारापासूनच सुरू होते की आधी चार पायऱ्या आहेत, आणि खोलीत विजेची केटली वापरता येईल का. दुसरा प्रश्न महत्त्वाचा. जुन्या इमारतींत उद्वाहन असले तरी त्याच्यापाशी पोचायला जिना असू शकतो. तिन्ही उत्तरे अनुकूल आली आणि मी खोली घेतली.

२०२४ पासून व्हेनिसमध्ये गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून प्रवेशशुल्क घेतात. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असते. तथापि आधी नोंदणी करून माफीचा दाखला घ्यावा लागतो. मार्चमध्ये हे शुल्क लागू नव्हते, म्हणून आम्हाला त्यातही पडावे लागले नाही. एप्रिलपासून पुढे जाणाऱ्यांनी मात्र तारखा तपासाव्यात.

आता वाहनाचा विचार. व्हेनिसचा राजमार्ग म्हणजे मोठा कालवा, ग्रँड कॅनाल. लांबी पावणेचार किलोमीटर, आकार उलट्या 'एस' अक्षराचा, आणि एवढ्या लांबीवर पूल अवघे चार. या कालव्यातून सार्वजनिक बोटी धावतात. त्यांना वापोरेत्तो म्हणतात. आपल्या शहरांतल्या बससारखेच त्यांना क्रमांक आणि थांबे आहेत. एका फेरीचे तिकीट साडेनऊ युरो, आणि अठ्ठेचाळीस तासांचा पास पस्तीस युरो. आमच्या कमीत कमी सहा फेऱ्या होणार. सुट्या तिकिटांचे सत्तावन्न युरो झाले असते, तेव्हा पास घेणे ओघानेच आले. अठ्ठेचाळीस तास पहिल्यांदा वापरल्यापासून मोजतात, म्हणून रविवारी दुपारी पास सुरू करून मंगळवारी दुपारच्या गाडीने परतायचे असे बसवले. क्रमांक एकची बोट सगळ्या थांब्यांवर थांबत स्थानकापासून सेंट मार्कपर्यंत पाऊण तासाच्या आसपास घेते. प्रवासी तिला मंद म्हणून नावे ठेवतात. आम्हाला मंदच हवी आहे. रविवारी संध्याकाळी चौविहार उरकून, दिवसाचे पाहुणे परतू लागल्यावर, केवळ बसून हा सगळा कालवा पाहायचा, एवढाच पहिल्या दिवसाचा कार्यक्रम. पायऱ्या शून्य.

सोमवारची सकाळ रिआल्तोसाठी राखली आहे, आणि सोमवार मुद्दाम निवडला आहे. रिआल्तो ही व्हेनिसची जुनी बाजारपेठ. तेथला भाजीबाजार आजही सोमवार ते शनिवार सकाळी भरतो. त्याला लागूनच मासळीबाजार आहे. तो मात्र रविवारी आणि सोमवारी बंद असतो. आपल्या वाचकांना या एका माहितीचे मोल कळेल. आठवड्यातून एकच सकाळ अशी, की भाजीबाजार चालू आणि मासळीबाजार बंद.

रिआल्तोचा पूल सर्वांना चित्रांतून परिचित आहे. आधीचे लाकडी पूल जळाले, कोसळले. १४४४ साली एका मिरवणुकीच्या गर्दीखाली एक कोसळला. मग १५८८ ते १५९१ या काळात अंतोनिओ दा पोंते याने सुमारे अठ्ठावीस मीटर लांबीची एकच दगडी कमान टाकली आणि वर दुकानांच्या रांगा बांधल्या. पुलावर दुकाने काढून भाडे वसूल करण्याची ही दृष्टी मला आवडली. हा पूल आम्ही चढणार नाही, बोटीतून खालून पाहू. रिआल्तो मेर्कातो नावाचा थांबा थेट बाजाराच्या काठावर आहे. तेथे उतरले की पुढे सपाट चालणे.

बाजाराला लागून सान जाकोमो नावाचे लहानसे चर्च आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर मध्ययुगातला एक लॅटिन लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा, की या मंदिराच्या परिसरात व्यापाऱ्यांचा व्यवहार न्याय्य असो, वजने खोटी नसोत आणि करारात कपट नसो. हे वाचताना मी थबकलो. आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घ्यायचे माप एक आणि द्यायचे माप दुसरे, हा दोष सांगितलेला आहे. दोन मुलखांतल्या बाजारांना एकच भीती होती तर. आमच्या दुकानात वडील तराजू रिकामा ठेवून काटा दाखवत आणि मगच धान्य तोलत. त्या भिंतीसमोर उभे राहायचे, हा कार्यक्रम योजनेत माझ्यासाठी म्हणून नोंदवला आहे.

या चौकात माझ्या पूर्वीच्या धंद्याचे मूळ आहे. येथल्या ओवरीत सराफ आणि पेढीवाले बाके टाकून बसत. त्या बाकाला इटालियनमध्ये बांको म्हणत, आणि बँक हा शब्द तेथून आला. आपल्याकडे पेढीवाला गादीवर बसला, तिकडे बाकावर, एवढाच भेद. देणारा आणि घेणारा दोघे पेढीवाल्यासमोर येत, देणारा तोंडी सांगे, पेढीवाला वहीत एकाच्या नावे लिहून दुसऱ्याच्या खाती जमा करी. नाणी हलत नसत. धनादेशाशिवाय, केवळ शब्दावर आणि वहीवर हे चाले. त्यात पेढ्या बुडतही. सोळाव्या शतकात खासगी पेढ्या एकामागून एक बुडाल्यावर १५८७ मध्ये सरकारने रिआल्तोच्या चौकात सार्वजनिक बँक काढली. तिने ठेवी घ्यायच्या आणि खात्यांवरून खात्यांवर रकमा वळवायच्या, कर्ज मात्र द्यायचे नाही, असा नियम होता. थकित कर्जांच्या बैठकांत ज्याने आयुष्य घालवले, त्याला असा नियम वाचून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि याच शहरात १४९४ साली लुका पाचोली याचा गणितावरील ग्रंथ छापला गेला. पाचोली फ्रान्सिस्कन संन्यासी होता. तरुणपणी व्हेनिसमधल्या एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवायला राहिला होता. त्याच्या ग्रंथात जमाखर्च लिहिण्याचे एक प्रकरण आहे. द्विनोंदी पद्धत त्याने शोधली नाही. व्हेनिसचे व्यापारी आधीपासून जे करत होते, ते त्याने सुसंगत लिहून काढले, आणि तसे तो स्वतःच सांगतो. त्याच्या तीन वह्या पाहा: पहिली कच्च्या नोंदींची, दुसरी तारीखवार, तिसरी खातेवार. आपली कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी यांहून वेगळे काय आहे? वहीच्या आरंभी देवाचे नाव लिहावे, असेही त्याचे सांगणे आहे. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्याला हे परके वाटणार नाही. कच्ची वही मालकाने लिहावी, तो नसेल तर गुमास्त्याने, आणि लिहिता येत असेल तर घरातल्या स्त्रियांनीही, असे तो म्हणतो. बाईंना सही करण्यापुरतेच लिहिता येत होते, तरी वडील मालाला गेले की उधारीच्या खुणा त्या खडूने दाराच्या चौकटीमागे करून ठेवत. संध्याकाळी वडील त्या वहीत उतरवून घेत. एम.कॉम.च्या वर्गात पाचोलीचे नाव मी प्रथम ऐकले, तेव्हा त्या वर्गाची फी ज्या चार पुतळ्यांतून भरली गेली त्यांचा आणि त्याच्या ग्रंथाचा गाव एकच आहे, हे मला ठाऊक नव्हते.

सोमवारी दुपार विश्रांतीची. लॉजपासून थोड्या अंतरावर गेत्तो आहे. १५१६ साली व्हेनिसने शहरातल्या यहुद्यांना तेथे वस्ती करायला लावून रात्री दारे बंद करण्याची व्यवस्था केली. गेत्तो हा शब्दच या जागेवरून जगभर गेला. गहाणवटीचे कर्ज देण्याचे काम त्यांच्याकडे होते. तेथे जायला पूल आहे. मी एकटा पहाटे जाऊन येईन.

मंगळवारी सकाळी सेंट मार्क. वाल्लारेसो नावाच्या थांब्यावर उतरून गल्लीतून सरळ गेले की पुलाविना चौकात प्रवेश होतो. त्याच्या पुढच्या थांब्यावर उतरले, तर वाटेत पूल येतो. एका थांब्याचा फरक, पण नकाशा भिंगाने पाहिल्याशिवाय तो कळत नाही. सेंट मार्कच्या चर्चमध्ये आठ हजार चौरस मीटरहून अधिक जागा सोन्याच्या पार्श्वभूमीच्या चित्रांनी मढवलेली आहे. तेथे बसून पाहता येते. दोजच्या राजवाड्याचे भव्य जिने मात्र योजनेतून वगळले. त्याबद्दल कन्या नाराज आहे. मी नाही.

राजवाड्यासमोर, पाण्याच्या काठाला, जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीला लागून एक भक्कम दगडी वास्तू आहे. हीच झेक्का, व्हेनिसची टांकसाळ. सान्सोविनो नावाच्या वास्तुविशारदाने १५३७ नंतर ती बांधली. झेकिनो हे नाण्याचे नाव या झेक्कावरून पडले. आत आता ग्रंथालयाचा भाग आहे. बाहेरून पाहायला एकही पायरी चढावी लागत नाही.

आणि चौकाच्या पश्चिम टोकाला कोर्रेर संग्रहालय. त्यात व्हेनिसच्या नाण्यांचा संग्रह आहे. तेथे जाण्याचा जिना मोठा आहे. दोन दिवस वाचवलेल्या सगळ्या पायऱ्या तेथे खर्च करायच्या, असे माझे प्रस्तावित अंदाजपत्रक होते. माळ सोबत न्यायची नाही. परदेशी प्रवासात एवढे सोने अंगावर किंवा सामानात बाळगणे शहाणपणाचे नाही, आणि परतताना सीमाशुल्काचे प्रश्न वेगळेच. म्हणून जावयाच्या धाकट्या भावाकडून एकवीसही पुतळ्यांची दोन्ही बाजूंनी मोठी छायाचित्रे काढून घेतली आहेत. काचेखालच्या नाण्यांशेजारी ती धरून पाहायची. लेकी-सुनांना पुतळी देताना ही कोठली, हे सांगता आले तर सांगायचे.

जेवणाविषयी थोडे. तिकडच्या स्वयंपाकाची सुरुवात बहुधा कांदा-लसणानेच होते, आणि भाताच्या रिसोत्तोत बरेचदा मांसाचा अर्क असतो. पार्मेसान चीज वासराच्या जठरातल्या द्रव्याने विरजलेले असते. शाकाहारी पदार्थ म्हणून तेच वरून भुरभुरतात, तेव्हा नको म्हणून आधीच सांगावे लागते. पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची साधी उकड, ही त्याच भागातली. ती चालण्यासारखी आहे, बनवताना काय घातले एवढे विचारून घ्यावे. आम्ही खाखरे, मेथीचे थेपले, मुगाच्या डाळीचे पीठ आणि सुकामेवा घेऊन निघणार आहोत. फळे सोमवारच्या बाजारातून. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सव्वासहाच्या पुढेमागे सूर्यास्त होतो, त्यामुळे साडेपाचला बसायचे. पाणी उकळायला केटली.

ही सगळी योजना टंकलिखित करून मी सौ.पुढे ठेवली. प्रत्येक ठिकाणासमोर पायऱ्यांचा रकाना होता. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि मग माझीच लाल पेन्सिल मागून घेतली.

गोंडोलाची ओळ तिने काढून टाकली. दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो, हे तिला मान्य झाले नाही. पाचजण बसू शकतात, असे मी निदर्शनास आणले. "आपण दोघेच आहोत," ती म्हणाली. कालव्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर दोन युरोत नेणारी त्राघेत्तो नावाची होडी असते, हे तिने कन्येकडून मिळवले होते. तीही गोंडोलाच, फक्त मिनिटा-दोन मिनिटांची, आणि प्रवासी बहुधा उभ्याने जातात. तोल सांभाळता आला तर जायचे, नाही तर काठावरून पाहायचे, असे समोर लिहिले.

सोमवारच्या दुपारच्या विश्रांतीतून तिने दोन तास काढून घेतले आणि तेथे मुरानो लिहिले. मुरानो हे काचकामाचे बेट. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसने सगळ्या भट्ट्या तिकडे हलवल्या. मी ते बाजारू म्हणून वगळले होते. तिला मणी पाहायचे आहेत. स्थानकापासून क्रमांक तीनची बोट थेट जाते, पायऱ्या नाहीत, म्हणजे माझ्याच नियमाने मला नाही म्हणता येईना.

शेवटच्या बदलाने मात्र मी गप्प झालो. कोर्रेर संग्रहालयासमोर मी लिहिले होते, "जिना: सौ. खाली चौकात बसेल, मी छायाचित्रे नेऊन पडताळणी करीन." हा पर्याय मी सुरक्षित म्हणून ठेवला होता. तिने ती ओळ पूर्ण खोडली आणि शेजारी लिहिले, "मी चढणार. मध्ये दोनदा थांबू."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी आमच्या इमारतीचा एक मजला काठी घेऊन चढते आणि उद्वाहनाने उतरते. भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्याला अधिक जड असते, असे सांगितल्यामुळे कोर्रेरमध्ये उतरण्यासाठी उद्वाहन मिळेल का, याची विचारणा मी पत्राने केली आहे. व्हिसा झाला आहे. त्यासाठी लागणारा तीस हजार युरोंचा आरोग्य विमाही काढला. गुडघ्याचे जुने दुखणे त्यात बसत नाही, हे बारीक अक्षरांत वाचले. एकवीस छायाचित्रांचे पाकीट सौ.ने स्वतःच्या पर्समध्ये ठेवले आहे. केटलीची पिन तिकडच्या सॉकेटला बसते की नाही, हे तेवढे जावईबापूंना विचारायचे राहिले आहे.